मागचा दिवा आधी बसवून घे

सांगोला तालुका,
नोव्हेंबर २०२५

चि. गणेश यास,
अनेक आशीर्वाद.

दिनू उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला निघालाय, त्याच्या पिशवीत हे पत्र घालते आहे. फोनवर तू "हं, बरं, ठेवू का" एवढंच म्हणतोस आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय समोर कॉटवर अण्णा बसलेले असतात. त्यांच्या देखत काही बोलता येत नाही, आणि ते उठून गोठ्यात जाईपर्यंत तुझी ड्यूटी लागलेली असते. म्हणून लिहायला बसले. सोनीने वहीतली पानं फाडून दिलीत आणि वर "आई निबंध लिहितेय" म्हणून हसते आहे.

आधी एक सांग. गाडीचा मागचा दिवा बसवलास का?

भाऊबिजेच्या रात्री तू निघालास तेव्हा आरसा मोडला होता, एका बाजूचा इंडिकेटर वायरीला लोंबत होता आणि मागच्या लाल दिव्याचा चुरा झाला होता. आरशाचं जाऊ दे. पण मागून येणाऱ्याला तू दिसणार कसा? आता महूद गेलं असेल, आता अकलूज, आता इंदापुरात हायवेला लागला असेल, असं मनात मोजत मी ओट्यावर बसून होते. पहाटे तुझा "पोचलो" एवढा मेसेज आला तेव्हा उठून चहाला आधण ठेवलं. त्यात आता कारखाने सुरू झालेत. अकलूज रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही, ऊस हातभर बाहेर आलेला. त्यांनाही दिवा नाही अन् तुलाही नाही.

बरं. हे पत्र दिव्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. ठकीबद्दल, आपल्या आंधळ्या कालवडीबद्दल लिहायचंय, आणि अण्णांबद्दल.

त्या दिवशी तू गाडी लावलीस ती गोठा आणि हौद यांच्या मधोमध. तुझ्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच ते, तू वर्षातून दोनदा येतोस. ती तिची वाट आहे. संध्याकाळी दावं सोडलं की ठकी गव्हाणीपासून सरळ निघते, उजव्या अंगाला कुडाची भिंत ठेवते, भिंत संपली की सरळ हौदावर. नाक खाली, जमिनीला लागेल इतकं, आणि दोन कान दोन दिशांना. तिच्या हिशेबात त्या वाटेवर काही नसतं. त्या दिवशी गाडी होती. छातीनं गाडी ढकलली गेली, गाडी हौदाच्या कठड्यावर पडली, आणि आवाजानं बिचकून ती मागे सरली ती कुडात घुसली. तू आधी गाडी उचललीस. अण्णा आधी तिच्याकडे गेले. भांडण खरं तिथंच झालं होतं, बाकीचं नुसतं तोंडानं झालं.

तू म्हणालास, "आंधळं जनावर पोसायला आपण काय गोशाळा काढलीय का?" आणि अण्णा म्हणाले, "तुला जमत नसेल तर तू येऊ नकोस." ते त्यांनी म्हणायला नको होतं. बासुंदी वाटीत तशीच राहिली. सोनीनं ओवाळलं होतं म्हणून तेवढं तरी झालं, नाहीतर पोरगी वर्षभर तेच घेऊन बसली असती.

तू विचारलंस की त्या वासरात एवढं काय आहे. अण्णा ते कधी सांगणार नाहीत. मी सांगते.

२०२३ चा पावसाळा तुला आठवत असेल. आठवणार कसा म्हणा, तू तिसऱ्या वर्षाला होतास आणि हॉस्टेलच्या नळाला पाणी होतं. (टोमणा नाही मारत.) ऑगस्ट कोरडा गेला. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले, त्यात आपला सांगोला. विहिरीनं दिवाळीआधीच तळ दाखवला होता. २०१९ सारखी जनावरांची चारा छावणी आपल्या गावात काही उघडली नाही. दुधाचा भाव तेव्हा चौतीस-पस्तीसवरून २६-२७ वर आलेला. जानेवारीत लिटरमागे ५ रुपये अनुदान निघालं, पण ज्या गाईच्या कानात बिल्ला तिलाच. तो बारा आकडी नंबर मी फोनवर सांगत होते आणि तू तिकडून लिहून घेत होतास, दोनदा चुकला, आठवतंय?

त्या साली हिरवं म्हणून आपल्याकडं होतं ते बोअरच्या उरल्यासुरल्या पाण्यावरचे चार-पाच गुंठे मका. गाई तीन. दोन दुभत्या, आणि मोरी गाभण, आटलेली. दूध देणाऱ्यांना हिरवं घातलं नाही तर धार खाली येते, आणि त्या धारेवर तुझी फी आणि खानावळ होती. तेव्हा मका त्या दोघींना आणि मोरीला कडबा. तोही नवा नव्हे, मागच्या सालचा, ऊन खाऊन पांढरा पडलेला. पोट भरत होतं तिचं. उपाशी नव्हती ती एक दिवससुद्धा. अण्णा रोज तिच्या पुढ्यात कडबा टाकताना म्हणायचे, "तुझं नंतर बघू, बाई."

हे तुझ्यावर ओझं टाकायला लिहीत नाही. तुझी फी भरली याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही आणि वाटणारही नाही. तू पास होऊन कंपनीत लागलास त्या दिवशी अण्णांनी डेअरीवर पेढे वाटले, ते तुला कुणी सांगितलं नसेल. पण झालं ते असं झालं.

जूनमध्ये, मृगाचा पहिला पाऊस पडला त्याच आठवड्यात मोरी व्याली. कालवड. पांढऱ्यावर काळी, कपाळाला ठिपका, बघणारा म्हणेल काय वासरू आहे. उठली, पायावर उभी राहिली आणि आचळाकडे जायचं सोडून भिंतीकडे गेली. भिंत चाटत बसली. वळवली तर मोरीच्या पुढच्या पायांत. मला वाटलं पहिल्या तासात होतं असं. चीक काढून बाटलीनं पाजला, पोटभर प्याली, चोखण्याला जोर होता. दुसऱ्या दिवशी मात्र ती लिंबाच्या बुंध्यावर जाऊन आपटली. तेव्हा अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या डोळ्यांपुढं झटकला. पापणी हलली नाही. पुन्हा झटकला. मग टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि काही न बोलता बाहेर गेले.

डॉक्टर आले. बॅटरीचा उजेड डोळ्यात टाकला. बाहुली मोठीच्या मोठी, उजेडानं आकसतच नव्हती, आतून हिरवट-निळं चमकत होतं. डोळ्याला फूल नाही, पांढरेपणा नाही, वरून डोळा एकदम चांगला. त्यांनी विचारलं, गाभणपणी हिरवं किती होतं? तेव्हा अण्णांनी जमिनीकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले की हिरव्या वैरणीतून गाईला अ जीवनसत्त्व मिळतं, जुन्या वाळल्या कडब्यात ते उरलेलं नसतं. गाईच्या यकृतात साठा असतो, तो काही महिने पुरतो, मग संपतो. मग पोटातल्या वासराच्या डोळ्यामागची शीर हाडाच्या ज्या भोकातून मेंदूकडं जाते ते भोक अरुंद राहतं, आणि शीर आवळली जाते. जन्मतानाच असं झालं की औषधानं डोळा येत नाही. इंजेक्शन दिलं ते बाकीच्या अंगासाठी, आणि मोरीसाठी. दुसरीही कारणं असतात म्हणाले, एखादा विषाणूही असतो, पण त्यात वासराचा तोल जातो, मान थरथरते, पाय वेडेवाकडे पडतात. हिचं तसं काही नव्हतं. चालत होती नीट, फक्त कुठं चाललीय ते तिला ठाऊक नव्हतं.

अण्णांनी एवढंच विचारलं, "जगेल का?" ते म्हणाले, "जगेल की. तुम्ही जगवाल तर."

आता तूच सांग, अण्णा तिला हेड्याला, जनावरांच्या व्यापाऱ्याला देतील का? भाद्रपदात एकजण आला होता, आठ हजार म्हणाला. या वयाची डोळस कालवड पस्तीस-चाळीसला जाते. कुठं नेणार विचारलं तर हसला. अण्णांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

तुझा हिशेब खोटा आहे असं मी म्हणत नाही. मी बचत गटाचं खातं लिहिते, मला आकडे कळतात. पेंड, सुग्रास, औषधपाणी धरून महिन्याला अडीच-तीन हजार तिच्या पोटात जातात आणि दीड वर्ष तिच्याकडून काही आलेलं नाही. पण डोळस कालवडीकडून तरी दीड वर्षात काय येतं? ती व्यायली की येतं. हिचंही तसंच आहे. कास डोळ्यांना जोडलेली नसते, हे आक्कानं त्या हेड्याला ऐकवलं होतं.

ती कशी वाढली ते तू पाहिलंच नाहीस. तू येतोस तेव्हा ती दावणीला असते, तुला वाटतं बांधून ठेवलेलं एक जनावर. जरा ऐक.

पहिला नियम सोनीनं काढला. आधी आवाज, मग हात. अंगाला एकदम हात लावला की ती उडायची, लाथ झाडायची, तिचा काय दोष, कुठून काय येतंय तिला दिसत नाही. म्हणून गोठ्यात शिरायच्या आधी बोलायचं. बोलायचं काय, रोज नवीन काय सुचणार? सोनी पाढे म्हणत जाते. तिचे एकोणीस ते तीस पाठ झाले ते ठकीमुळं, बाईंनी शाळेत विचारलं तर हेच सांगून आली. दुसरा नियम, गोठ्यातली वस्तू हलवायची नाही. घमेलं, पाटी, कुट्टीचं मशीन, दुधाचा कॅन, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. अण्णांनी जमिनीवर चुन्यानं खुणा केल्यात. तू हसशील, पण आपल्या घरात कधी नव्हती एवढी टापटीप गोठ्यात आलीय.

पाणी पाजायचं तर बादलीच्या कडेवर बोटानं ठक ठक करायचं. आधी तोंड बादलीत बुडवून ठसकायची, नाकात पाणी जायचं. मग ठक ठक ऐकलं की थांबायची, मिशीचे केस कडेला लावून बघायची, कड कळली की मग तोंड खाली. त्या ठक ठकवरून तिचं नाव ठकी पडलं. आता तर डेअरीवाल्याचा टेम्पो वळणावर आला की तिला सगळ्यांच्या आधी कळतं. अण्णांचं खोकणं वेगळं, तात्यांचं वेगळं. तात्या आले की तोंड फिरवते, कारण त्यांनी एकदा शिंगाच्या जागी डाग देताना धरलं होतं.

रानात न्यायचं म्हणजे भुरी शेळी पुढं. भुरीच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं, ठकी त्या आवाजामागं जायची. मग भुरी व्याली, तिला करडांपाशी ठेवावं लागलं. तर अण्णांनी ते घुंगरू सोडलं आणि सदऱ्याच्या बटणाला बांधलं! महिनाभर तसेच फिरले. पारावरची माणसं म्हणायची, वासुदेव आला, दान काढा. तुला माहीत आहे ना अण्णांना कुणी हसलेलं चालत नाही? तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला टोपी वाकडी झाली म्हणून अर्ध्यातून उठून आले होते. तेच अण्णा.

आणि शेततळं. मला सगळ्यात भीती त्याची होती. यंदा पाऊस झाला, ते काठोकाठ भरलं. प्लास्टिकचा कागद, डोळस जनावरसुद्धा आत घसरलं तर वर येत नाही, खूर टेकायला काही मिळत नाही. कुंपण आहे, पण आपलं कुंपण तुला माहीत आहे. अण्णांनी काय केलं, तळ्याच्या चारी बाजूंनी, कुंपणाच्या अलीकडं, चार हात रुंद खडी पसरली. रस्त्याच्या कामाची उरलेली, मोठी, टोचणारी. बाकी रानात माती, बांधावर गवत, आणि फक्त तिथं खडी. मग तिला दाव्याला धरून सावकाश न्यायचं. पुढचा खूर खडीवर पडला की "हो" म्हणायचं, दावं ताणायचं आणि उभं राहायचं. मग मागं वळवून गुळाचा खडा. रोज संध्याकाळी तेवढंच काम. सुरुवातीला ती दोन-तीन पावलं आत गेल्यावर थांबायची. मग एक पाऊल. एक दिवस अण्णांनी दावं सोडून दिलं. माझा जीव वर आला होता, मी ओरडणार होते, त्यांनी हातानं गप्प केलं. ठकी नाक खाली घालून चालत आली, पुढचा उजवा खूर खडीवर टेकवला, खड्याचा कर्र आवाज झाला आणि ती थांबली. खूर उचलला, मागं मातीवर ठेवला. मान हलवली आणि वळली. अण्णा तिथंच बांधावर बसले. मला म्हणाले, बघ, तिला सांगावं लागलं नाही.

आणि मला त्या वेळी काय आठवलं असेल? तुझी गाडी. रात्रपाळी करून, डोळ्यावर झोप घेऊन, तू सरळ सांगोल्याकडं निघतोस. दोनशेच्या वर किलोमीटर. डोळे उघडे असले म्हणून माणसाला दिसत असतंच असं नाही. तुला त्या हायवेवर खडी कोण पसरणार आहे? दिवाळीला तू आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. मी विचारलं तर धूळ म्हणालास. भिगवणच्या आसपास कुठंतरी चहाला थांबलो आणि टपरीवर बसल्या बसल्या डुलकी लागली, हे तू सोनीला सांगितलंस, मला नाही. सोनी माझ्यापासून काही लपवत नाही, हे तुला एवढ्या वर्षांत कळू नये?

एसटीने ये. सांगोल्यापर्यंत गाड्या आहेत, पुढं अण्णा घ्यायला येतील. अण्णा नाही आले तर तात्या येतील. झोपत ये. खिडकीला डोकं लाव आणि झोप. चाळीस-पन्नास माणसांची जबाबदारी असलेला एक माणूस जागा असतो, तू कशाला जागतोस? गाडी पुण्यात ठेव, तिथं कंपनीत जायला वापर. हप्ते चालू आहेत हे ठाऊक आहे मला, म्हणून काय दर खेपेला इथवर चालवून ते फिटतात का? आणि जेवत जा. रात्रपाळीला वडापावावर राहू नकोस. रागावून उपाशी निघायचं नाही, राग माणसावर काढावा, ताटावर काढू नये. थोरल्यानं तोंड टाकलं तर धाकट्यानं...

बघ, सुरू झाले मी. सोनी म्हणते तीन ओळी बऱ्या लिहितेस आणि चौथीला किर्तन लावतेस. तुला वाचून कंटाळा आला असेल तर हा भाग सोड. तू कमावता आहेस, परक्या गावात एकटा राहतोस, स्वतःचं स्वतः करतोस, मला त्याचा किती अभिमान आहे ते मला नीट सांगता येत नाही, म्हणून मग जेवलास का विचारते.

तू जनावरांवर दया नसलेला आहेस असं अण्णा रागात म्हणाले, ते मी मानत नाही. मी २०१९ ची छावणी विसरलेली नाही. तुझी आठवीची परीक्षा झाली आणि तू वळकटी घेऊन छावणीवर गेलास. अण्णा दिवसा टॅंकरच्या रांगेत, रात्री जनावरांपाशी तू. तिथल्या बल्बखाली नववीची पुस्तकं उघडून बसायचास, त्यावर किडे पडायचे. मोरी त्याच छावणीत झाली. तिची आई खंगलेली, दूध नाही, तर तू शेजारच्या दावणीवरच्या म्हातारबांकडून रोज तांब्याभर दूध मागून आणायचास आणि बोट तोंडात देऊन मोरीला पाजायचास. म्हातारबा म्हणाले होते, "पोरा, हे काय जगत नाही." तू त्यांच्याशी भांडलास. एवढासा होतास, मिसरूड फुटली नव्हती, आणि त्या सत्तरीच्या माणसाला म्हणालास, "तुम्ही दूध द्या, जगायचं तिचं ती बघेल." ते नंतर बाजारात भेटले की अण्णांना हेच ऐकवायचे. तीच मोरी. ठकी तिचीच.

म्हणून तू परवा जे बोललास ते गाडी पडल्याच्या रागानं बोललास, असं मी धरून चालले आहे. तसं नसेल तर मला कळवू नकोस.

मोरीला गेल्या वर्षी गाभण असताना अण्णांनी काय काय घातलं ते सांगू का? मका, घास, शेवरीचा पाला, वर खनिज मिश्रण. स्वतःच्या औषधाची गोळी विसरतील पण तिचं मिश्रण नाही. जुलैमध्ये गोऱ्हा झाला, तू पाहिलास ना, डोळे टपोरे, जन्मल्या जन्मल्या आचळाला गेला. टॉवेल झटकायची गरज नव्हती, तरी अण्णांनी झटकला. गोऱ्ह्यानं डोळे मिटले तर हे हसायला लागले. वसुबारसेला मोरी आणि गोऱ्ह्याची पूजा केली, बाजूला ठकी हंबरत होती. तिलाही कुंकू लावलं, भाकरी दिली. आता मोठी झाली ती, वासराच्या पूजेत बसत नाही, पण तिला कोण सांगणार.

आता मुद्द्याचं. ठकी गेल्या महिन्यात माजावर आली. डॉक्टरांनी छातीला फीत लावून वजन काढलं, अडीचशेच्या पुढं भरलं. म्हणाले, हरकत नाही, पुढच्या माजाला भरवू. तू म्हणशील हिचं वासरूही तसंच झालं तर? मीही तेच विचारलं. ते म्हणाले, दोष वैरणीतला असेल तर तो रक्तानं पुढं जात नाही, आईला हिरवं भरपूर ठेवा. आंधळी गाय दूध देते, फक्त तिची जागा बदलायची नाही, धार काढणारं माणूस शक्यतो बदलायचं नाही, दुसऱ्या गाईंनी तिला ढुशी मारू नये म्हणून दावण वेगळी ठेवायची, आणि विताना जवळ माणूस हवं. अण्णा डॉक्टरांना म्हणत होते कालवडच होईल असं रेतन मिळतं ना, तेच आणा. दोघं बराच वेळ वळूच्या दुधावर आणि उंचीवर बोलत होते. लग्न जमवायला बसल्यासारखे.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय, ती व्यायली नाही तोवर विकायचा विषय काढू नकोस. पुढच्या श्रावण-भाद्रपदात कळेल. नाही जमलं तर तेव्हा तू म्हणशील तसा हिशेब मांडू, मी तुझ्या बाजूनं बसेन. अण्णांसमोर बसेन. पण तोवर नाही. आणि हे सगळं मी तुला लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. कडब्याचं तर अजिबात नाही.

ते तुझी आठवण काढतात. काढतात म्हणजे बोलत नाहीत. परवा चिंचेखाली कुदळ घेऊन गेले, जागा सपाट केली, मुरूम टाकला, कडेला चुना मारलेले दगड लावले. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "गाडीला जागा नको का? दर वेळेला वाटेत लावतो." आता तिथं गाडी लावायला तू गाडी घेऊन येशील ही भीती मला आहेच. ते दगड बघून मी त्यांना काही बोलू शकले नाही. तू एसटीने ये आणि त्यांना म्हण, गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. पुढच्या खेपेचं पुढच्या खेपेला बघू.

दिनूच्या पिशवीत तूप आहे, शेंगाची चटणी आहे, आणि सोलापुरी कडक भाकरी, त्या ओलीपासून दूर ठेव. तुपाचा छोटा डबा दिनूच्या खोलीवरच्या पोरांना दे, मोठा तुझा. चटणीच्या पिशवीत कागदात गुंडाळलेले सातशे रुपये आहेत, ते मागच्या दिव्याचे. गटाच्या पैशातले नाहीत, माझे आहेत. दिवा मूळ कंपनीचा घाल, रस्त्यावरचा स्वस्तातला नको. लावलास की फोटो पाठव, गाडी चालू करून, ब्रेक दाबून, लाल दिसला पाहिजे. उरले पैसे तर दिनूला चहा पाज, नाहीतर तो वर्षभर बोलून दाखवेल.

सोनीचा बोर्डाचा फॉर्म भरायचाय, तिचा फोटो फार मोठा आहे म्हणून वेबसाईट घेत नाही. तुला पाठवते म्हणाली, रविवारी बारीक करून दे. आणि दिनूबरोबर डबे परत पाठव. मागच्या खेपेचे दोन अजून तिकडंच आहेत, लोणच्याचा तर झाकणासकट.

तुझी,
आई